खारकोणचा सतरा

सतरा.

*

अंगणात चटईवर बारा किलो लाल मिरची. बाजूला धने, तीळ, खसखस. भिंतीला लागून, धुऊन उपड्या घातलेल्या चाळीस तपकिरी बाटल्या.

*

टिटवाळ्याला एका नव्या इमारतीत लिफ्ट अजून बसायची आहे. तिसऱ्या मजल्यावरची एक बाई पाण्याची कॅन घेऊन चढते आणि प्रत्येक वळणावर थांबते. शेजारीण विचारते, बरं नाही का? ती म्हणते, मी ठीक आहे, कार्डावर तसं लिहिलंय.

*

टिक. टिक. टिक. टिक.

*

संशोधनाचा समाजावर पडलेला प्रभाव लक्षात घेऊन दिला जाणारा यंदाचा गौरव. कल्याण, शनिवार, दुपारी साडेतीन. कृपया वेळेवर यावे.

*

चौदा हजार पिवळी कार्डं. खोक्यांत. सुतळी अजून सोडलेली नाही.

*

लाभ रे लाभ.

*

या सात तुकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे डॉ. जोविटा मिरांडाला त्या शनिवारी सकाळी साडेनऊपर्यंत माहीत नव्हतं. साडेनऊ वाजून दोन मिनिटांनी ते कळलं, आणि तिथून पुढे दिवसभर तिला कुणी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही.

लाभ रे लाभ

जोविटा छातीच्या आजारांची डॉक्टर. वय चौपन्न. वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वर तिची दोन खोल्यांची प्रयोगशाळा. कारखान्यांतली माणसं तिथे येतात, नळीत जोर लावून फुंकतात, आणि यंत्र सांगतं की कुणाच्या फुप्फुसात किती राम उरलाय. पण तिचं नाव झालं ते यंत्राशिवायच्या तपासणीमुळे.

तपासणी अगदी सोपी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि गाण्याच्या क्लासात ठेक्याला लावतात त्या टिकटिकीच्या तालावर, एका टिकेला एक शब्द, असं एका दमात मोजत सुटायचं. दम संपला की थांबायचं. शेवटचा आकडा वहीत लिहायचा. धडधाकट बाई तीस-पस्तीसला सहज पोहोचते. पंचविसाच्या आत थांबली तर छातीत काहीतरी बिनसलंय, दवाखान्यात पाठवायची. ही युक्ती जोविटाने शोधलेली नव्हे, जुनीच. जोविटाने ती खाडीकाठच्या पाच गावांत नेली आणि तिथल्या बायकांचा नेहमीचा आकडा काय, ते पहिल्यांदा मोजून काढलं. साल दोन हजार बारा.

चार गावांत आकडे आले तेहेतीस, चौतीस, बत्तीस, तेहेतीस. पाचवं गाव खारकोण, शीळफाट्याच्या पलीकडे खाडीला टेकलेलं, मिठागरांवर जगणारं. तिथल्या एकेचाळीस बायकांचा सरासरी आकडा आला सतरा.

निम्मा!

सतराने जोविटाला मोठं केलं. मिठागरात राबणाऱ्या बाईचा दम इतरांपेक्षा निम्मा असतो, असा तिचा निबंध छापून आला. मिठाची धूळ, लहानपणचं कुपोषण, डोक्यावरचं ओझं, असं चार पानांचं कारण तिने दिलं होतं आणि ते पटण्यासारखं होतं. पुढे दोनशे चौदा संशोधकांनी त्याचा आधार घेतला. दोन पाठ्यपुस्तकांत तो आला. ब्राझीलच्या एका डॉक्टरीणबाईंनी तर आपल्याकडच्या मिठागरांसाठी तोच तक्ता उचलला.

मग गेल्या वर्षी 'मोकळा श्वास' नावाच्या एका न्यासाने त्यावरून खिशात मावणारं पिवळं कार्ड काढलं. वस्तीत फिरणाऱ्या त्यांच्या आरोग्यसेविका ते वापरतात. कार्डावर तीनच ओळी:

पंचवीस किंवा जास्त: ठीक.
पंचविसापेक्षा कमी: दवाखान्यात पाठवा.
बाई मिठागराच्या गावची असल्यास, पंधरा किंवा जास्त: ठीक.

तिसरी ओळ जोविटाची. तिचा तिला अभिमान होता. तिचं म्हणणं, ज्या बायकांचा दम मुळातच निम्मा, त्यांना उगाच आजारी ठरवून दवाखान्याच्या फेऱ्या मारायला लावू नये. ती ओळ दयेपोटी लिहिलेली होती.

त्या शनिवारी कल्याणला तिचा गौरव व्हायचा होता, आणि त्याच व्यासपीठावर नव्या चौदा हजार कार्डांची सुतळी सुटायची होती.

दोन रे दोन

ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत मिरांडांचं घर. एप्रिलमध्ये तिथे वर्षाचा मसाला होतो आणि तपकिरी बाटल्यांत भरला जातो. जोविटाची आई डॉरिस, एक्याऐंशी वर्षांची, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसते आणि कुठली मिरची किती भाजायची ते बोटाने सांगते. मसाला कुटायला बायका येतात, उंच उखळं आणि छातीएवढी मुसळं घेऊन. भाजलेल्या मिरचीचा खाट गल्लीच्या टोकापर्यंत जातो. त्या दिवशी जोविटा दरवर्षी सकाळीच प्रयोगशाळेत पळते. छातीच्या डॉक्टरला मिरचीची उबळ सोसत नाही, हे डॉरिस फादरपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसली होती.

यंदा पळता आलं नाही. साडी नेसायची होती, भाषणाचे कागद एकदा वाचायचे होते. खिडकी घट्ट लावून, तोंडाला ओला रुमाल बांधून ती आरशासमोर निऱ्या घालत होती. डॉरिसने बाहेरून विचारलं, गौरव घ्यायला चाललीस का दरोडा घालायला.

अंगणात दगडाबाई मापाने मिरची उखळात ओतत होती. कुटणाऱ्यांची ती म्होरकी. वय पासष्टच्या पुढे, कासोट्याचं लुगडं, आणि गल्लीला पुरेल असा आवाज.

"लाभ रे लाभ," ती म्हणाली आणि पहिलं माप पडलं. "दोन रे दोन. तीन रे तीन. चार रे चार."

एकाला 'लाभ' म्हणतात हे जोविटाला ठाऊक होतं. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, म्हणजे बरकत राहते. तिच्या कानाला अडकलं ते दुसरंच काहीतरी. निरी बोटांतून सुटली.

पाच रे पाच. सहा रे सहा.

ती खिडकी उघडून बाहेर वाकली. मिरचीने डोळे भरून आले, खोकला सुटला, आणि खोकताखोकताच तिने विचारलं की मावशी, तुम्ही कुठल्या?

दगडाबाई म्हणाली, खारकोणची. डॉरिस म्हणाली, दोन वर्षं येते ती आपल्याकडे, तू घरात असशील तर तुला कळेल.

जोविटा अर्ध्या नेसलेल्या साडीनिशी अंगणात आली. आकडा दोनदा का म्हणता, असं तिने विचारलं. दगडाबाईला हा प्रश्नच विनोदी वाटला. मिठागरात मिठाच्या राशीवर पाट्या पडतात, एकीमागून एक, दिवसाला हजार. आकडा एकदा पाटीवालीसाठी म्हणायचा, एकदा राशीसाठी. दोघींनी ऐकला तरच पाटी धरायची. एकदाच म्हटलेला आकडा कुणाचाच नसतो.

"आमी असाच मोजताव," दगडाबाई म्हणाली. "आमच्या गावान पोरगी बोलाया लागली का असाच मोजते."

बारा सालचा सतरा आता टिकणार नाही, हे जोविटाला कळलं. आणि त्याच क्षणी, हे तिला स्वतःलाच नंतर नवल वाटलं, मानेपासून बोटांपर्यंत एक झिणझिणी उठली, पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात डोळा घातला तेव्हा उठली होती तशी. ती आत धावली, टेबलाच्या खणातून टिकटिकी आणली, उखळाच्या कडेवर ठेवली. दगडाबाईला म्हणाली, छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात मोजा, टिकेला एक शब्द.

दगडाबाईने मुसळ भिंतीला टेकवलं, पदर खोचला, डॉरिसकडे पाहून डोळा मारला आणि सुरू झाली; दमाच्या नादात 'रे' गळला. लाभ, लाभ. दोन, दोन. तीन, तीन. बाकीच्या बायका हात थांबवून बघत होत्या. जोविटा आकडे मोजतच नव्हती. ती बोटांवर टिका मोजत होती.

दगडाबाई चौदाला थांबली.

कार्डाच्या तिसऱ्या ओळीप्रमाणेही ती नापास. आणि टिका झाल्या होत्या अठ्ठावीस. पासष्टी ओलांडलेल्या, सकाळपासून मिरची कुटणाऱ्या बाईच्या अठ्ठावीस.

"आई," जोविटा म्हणाली, "सतरा चूक आहे गं. सतरा म्हणजे चौतीस आहेत."

डॉरिसला सतराचं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, साडीला मिरची लागली, दुसरी नेस.

तीन रे तीन

आता हे फक्त तिच्या नावाचं असतं, तर तिने भाषण उरकून सोमवारी एक पत्र लिहिलं असतं. पण नळाखाली हात धुताधुता तिच्या डोक्यात तिसरी ओळ उलटी फिरली आणि ती तशीच उभी राहिली. पाणी वाहत राहिलं.

खारकोणच्या म्हाताऱ्या दोनदा मोजतात. ठीक. पण जी तरुण आहे, शाळेत गेली आहे, आपल्या-तुपल्यासारखी एकदाच मोजते, तिचं काय? ती सोळाला थांबली, तर तिचं फुप्फुस खरंच सोळापुरतंच आहे. आणि कार्ड तिला सांगतं, ठीक.

तिने प्राप्तीला फोन लावला. प्राप्ती खारकोणची. बारा साली एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. गावातली मोजणी जोविटाने तिच्यावरच सोपवली होती. आता ती टिटवाळ्याला दिलेली, आणि त्याच न्यासाची आरोग्यसेविका. जोविटाने विचारलं, त्या दिवशी बायका आकडा दोनदा म्हणत होत्या का?

प्राप्ती म्हणाली, हो.

मग लिहिलं का नाहीस?

"मॅडम, मोजतात तसंच मोजलं," प्राप्ती म्हणाली. तिला खरोखर कळत नव्हतं की चुकलं कुठे. "इकडे बाकीच्या शाळेतल्यासारखं मोजतात, आमच्या म्हाताऱ्या आमच्यासारखं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

जोविटाला रागवायचं होतं. पण रागवायला समोर कुणी नव्हतंच. माशाला पाणी ओलं आहे का विचारून ये, असं सांगून तिनेच त्या मुलीला पाठवलं होतं. बाकीच्या चार गावांत दर दहाव्या बाईला यंत्रात फुंकायला लावून आकड्याची खातरजमा केली होती. खारकोणला यंत्र पोहोचलंच नव्हतं. मोजणीच्या दिवशी जोविटाही तिथे नव्हती. निबंधात मात्र लिहिलं होतं: सर्व मोजमापे लेखकांच्या देखरेखीखाली.

तिने पुढचा प्रश्न विचारला. टिटवाळ्यात खारकोणची कुणी तरुण बाई, जी तिसऱ्या ओळीवर पास झाली?

फोनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग प्राप्ती म्हणाली, लक्ष्मी. माझ्याच आळीतली, एकोणतीस वर्षांची. सोळा. मीच तिला कार्ड दाखवून म्हटलं, काही नाही, तू ठीक आहेस. ती जिन्यात थांबते, मॅडम. मी बघितलंय थांबताना.

"तिला घेऊन कल्याणला ये," जोविटा म्हणाली. "तीनच्या आत. रिक्षाने स्टेशनला जा, जिना चढवू नकोस."

चार रे चार

जोविटाचा तंत्रज्ञ दिपेश गाडी घेऊन आला तेव्हा तो सूट घालून, हार-तुऱ्यांच्या तयारीत होता. त्याला वाटलं होतं मॅडम शांतपणे मागे बसतील. मॅडम मुसळावर हात ठेवून उभ्या, अंगावर तिसरी साडी, डोळे लाल, आणि शेजारी दगडाबाई, गाडीत बसायला निघालेली. तिने अट घातली होती की कुटायचं काम बाकीच्या करतील पण न मापलेल्या मिरचीला कुणी हात लावणार नाही, माप तिच्याच हातचं. डॉरिसने कपाळावर हात मारला आणि जा म्हणाली.

फुंकायचं यंत्र आता वहीएवढं झालंय. दिपेशने ते जोविटाच्या मांडीवर ठेवलं आणि गाडी सुरू केली. तो म्हणाला, भिवंडीच्या बाजूने जाऊ, शीळफाट्याला शनिवारी कोण जातं?

"शीळफाट्यावरूनच, आधी खारकोण," जोविटा म्हणाली. "कितीही वेळ लागू दे. उतरायचं नाही, वळायचं नाही."

 कळव्याला दिपेशने विचारलं की हे खरं निघालं तर दोनशे चौदाचं काय करायचं. त्याचाही प्रश्न बरोबर होता; निबंधावर चौथं नाव त्याचं होतं, आणि साखरपुड्यात सासऱ्यांना त्याने तो आकडा सांगितलेला होता. जोविटा म्हणाली, दोनशे चौदा जणांना पत्र लिहायचं. ब्राझीलच्या बाईंना फोन करायचा. त्यांच्याकडे कशा मोजतात ते विचारायचं. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. दिपेश, तुला कळतंय का, ती म्हणाली, त्यांचा दम कमी नव्हताच. आपण चार पानं लिहून त्यांच्या छातीतून निम्मी हवा काढून घेतली होती. ती हवा तिथेच आहे!

दगडाबाई मागून म्हणाली, काच खाली करा, हवा नाय लागत.

शीळफाट्याला ट्रेलरांची रांग लागली होती. पन्नास मिनिटं गाडी इंच इंच सरकली. जोविटाने त्या वेळात भाषणाचे सहाही कागद फाडले आणि डॅशबोर्डवर नीट रचून ठेवले.

पाच रे पाच

खारकोणला मिठागरं राहिली नाहीत. बांध आहेत, त्यांत पाणी आहे, पलीकडे टॉवर उठलेत. पण देवळासमोरच्या पारावर दगडाबाईने दोन हाका मारल्या आणि दहा मिनिटांत चौदा बायका जमल्या. त्यांतल्या नऊ जणी बारा सालच्या यादीत होत्या.

टिकटिकी मधोमध ठेवली. पहिली सोळापर्यंत गेली, म्हणजे बत्तीस टिका. दुसरी अठरा. तिसरीला मध्येच हसू आलं, तिला परत संधी दिली. मग चुरसच लागली. एक म्हणे, हिने मध्ये श्वास चोरला, मी बघितलं. दुसरी म्हणे, तुझ्या नवऱ्यासमोर बोलतेस तेव्हा तूच श्वास घेत नाहीस, तू तर पन्नासला जाशील. दिपेशचा सूट घामाने भिजला. त्याने प्रत्येकीच्या तोंडी नवी नळी देऊन यंत्रात फुंकून घेतलं. यंत्राच्या पडद्यावर रेघ सरळ उभी चढायची आणि तो आकडा मोठ्याने वाचायचा. ठीक. ठीक. ठीक. दोघींना थोडा दमा निघाला, त्यांची नावं वेगळी लिहिली. बाकी बारा जणींची फुप्फुसं कुठल्याही गावच्या बाईसारखी.

मग जोविटाने त्यांना शाळेतल्यासारखं, एकदाच मोजायला सांगितलं. बायकांना ते फार जड गेलं. जीभ आपोआप परत मागे यायची. शेवटी सहा जणींना जमलं. एकतीस. तेहेतीस. छत्तीस. तीस. चौतीस. तेहेतीस.

तिने वहीत आकडे लिहिले आणि पारावर बसकण मारली, पण लगेच उठली. दीड वाजला होता.

सहा रे सहा

कल्याणच्या सभागृहात दाराशीच नॉर्मन भेटले. डॉ. नॉर्मन फोन्सेका, सत्तरीचे, जोविटाचे गुरू, निबंधावर दुसरं नाव त्यांचं, आणि आजच्या समितीचे अध्यक्षही तेच. जोविटाने त्यांना बाजूला नेऊन एका दमात सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले की जोवी, आज शाल घे, दोन शब्द बोल, कार्डं वाटली जाऊ देत. चौदा बायकांवर निबंध मागे घेता येत नाही. नीट नव्याने अभ्यास करू, वर्षभरात सुधारणा छापू. विज्ञान असंच हळू चालतं.

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. एरवी जोविटाने आपल्या विद्यार्थ्यांना हेच सांगितलं असतं.

पण प्राप्ती मागच्या खोलीत येऊन बसली होती, आणि तिच्याबरोबर लक्ष्मी. सडपातळ, ठसठशीत टिकली, मांडीवर डबा. ती बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायची, आणि ते आता तिच्या सवयीचं झालं होतं. जोविटाने नॉर्मनना हाताला धरून आत नेलं.

लक्ष्मीने मोजलं. एकेकदाच. पंधराला दम संपला.

यंत्रात फुंकलं. रेघ चढली, मध्येच वाकली आणि आडवी पडली. दिपेशने आकडा वाचला नाही, यंत्रच नॉर्मनपुढे धरलं. नॉर्मननी चष्मा लावला, काढला. जोविटाने तिला औषधाच्या पंपाचे चार फवारे दिले आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं. बाहेर ध्वनिक्षेपकावर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. लक्ष्मी डब्याच्या कडीशी चाळा करत बसली होती. तिने विचारलं की मला मोठं काही आहे का. जोविटा म्हणाली, दमा असावा, आणि तो ऐकतो की नाही तेच आपण बघतोय.

घड्याळ वाजलं. लक्ष्मीने परत मोजलं. पंधरा, सोळा, सतरा. सतराला जोविटाने डोळे मिटले. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस.

 लक्ष्मीने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "इथे कुणीतरी दार उघडल्यासारखं झालं."

प्राप्ती रडायला लागली. नॉर्मननी तिला पाण्याचा ग्लास दिला आणि जोविटाला म्हणाले, मी तुला व्यासपीठावर थांबवणार नाही. पण वेळ दहाच मिनिटं आहे.

सात रे सात

जोविटाला दहा लागली नाहीत. तिने शाल बाजूच्या खुर्चीवर ठेवली, टिकटिकी ध्वनिक्षेपकासमोर ठेवली आणि सभागृहाला उभं राहायला सांगितलं. दोनशे माणसं, निम्म्याहून जास्त छातीचे डॉक्टर. ती म्हणाली, छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात मोजा. फक्त आकडा दोनदा म्हणायचा, मिठाच्या राशीवर म्हणतात तसा. दगडाबाई दाराशी उभी होती, तिने सुरुवात करून दिली.

लाभ, लाभ. दोन, दोन. तीन, तीन. आवाज भरत गेला, छताला लागला, मग एकेक तुटत गेला. बाराला मागच्या रांगेतले दोन जाडे सर्जन बसले. चौदाला स्त्रिया हसू लागल्या. सोळाला बरेच बसले. सतराला जवळजवळ सगळे खाली होते. फक्त एक पोहणारी तरुण डॉक्टर बाविसापर्यंत एकटीच मोजत राहिली आणि तिच्यासाठी टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर जोविटा म्हणाली, "सतरा. अभिनंदन, तुमच्या सगळ्यांची फुप्फुसं निम्मी आहेत. गेली बारा-तेरा वर्षं मी हेच छापत आले."

 मग तिने सगळं सांगितलं, खारकोणचं, यंत्राचं, तिसऱ्या ओळीचं. लक्ष्मीला आधी विचारलं होतं. तिने नाव घ्यायला परवानगी दिली होती, फक्त मजला सांगू नका म्हणाली, घरमालक लिफ्टवरून आधीच चिडलाय. शेवटी जोविटाने खोक्याकडे बोट केलं आणि सांगितलं की ही सुतळी सोडू नका. तिसरी ओळ काढून टाका. सगळ्या बायकांना एकच ओळ, आणि आकडा ज्या पद्धतीने म्हटला ते लिहायला एक चौकोन.

न्यासाच्या विश्वस्तांनी विचारलं की छापलेल्या चौदा हजारांचं काय. नॉर्मन उठले, खिशातून काळं पेन काढलं, खोक्याच्या फटीतून बोट घालून एक कार्ड ओढून काढलं आणि तिसऱ्या ओळीवर रेघ मारली. मग दुसरं काढलं. म्हणाले, इथे दोनशे माणसं आहेत, माणशी सत्तर.

पेनं निघाली. सभागृहात रेघांचा असा खसखस आवाज भरला की चहा घेऊन आलेला माणूस दारातच थबकला.

प्राप्तीने आपली वही उघडली. वर्षभरात तिसऱ्या ओळीवर ठीक ठरलेल्या बायका, सगळ्या सेविकांच्या मिळून, एकसष्ट. तिने नावं आणि पत्ते वाचायला सुरुवात केली आणि डॉक्टर वाटून घेऊ लागले, दोन दिवा गावचे, तीन टिटवाळ्याचे, चार कुठल्या तरी खाडीकडच्या पाड्यावरचे. दिपेश फळ्यावर लिहीत होता. दगडाबाई प्रत्येक नाव घेतलं गेलं की मोठ्याने आकडा म्हणत होती, एकदा घेणाऱ्यासाठी, एकदा वहीसाठी. जोविटा खोकत होती, मिरची अजून घशात होती, आणि तिला वाटत होतं की आजच्याइतकं काम तिने आयुष्यात एका दिवसात केलेलं नाही, आणि अजून पाच वाजायचे आहेत.

साठ रे साठ.

एकसष्टाव्या नावाला दोन हात वर झाले.

*

खारकोणच्या मोजणीच्या दिवशी, फेब्रुवारी दोन हजार बारामध्ये, डॉ. जोविटा मिरांडा शीळफाट्यावर दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकल्या आणि तिथूनच गाडी वळवून ठाण्याला परत गेल्या. फुंकायचं यंत्र गाडीच्या डिकीत होतं.